एक्केचाळिसावा काटा

गांगुर्डेतात्यांच्या उजव्या हातात कायम अर्ध्या किलोचं पितळी वजन असे. कायम म्हणजे कायम. दुकानात, रस्त्यात, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत. आमच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात त्यांनी अक्षता डाव्या हाताने टाकल्या आणि नंतर स्टेजवर जाऊन उजवा हात, वजनासकट, आशीर्वादासाठी वर उचलला. नवरदेव दोन पावलं मागे सरला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

कुणी विचारलंच, "तात्या, हे काय घेऊन फिरता?" तर उत्तर ठरलेलं होतं. "हाताची सवय मोडायला नको."

हा माणूस कित्येक वर्षं दुकानदारांचे तराजू दुरुस्त करत आलेला. त्यामुळे लोकांना ते पटायचं. मलाही पटलं. मी तात्यांच्या बरोबर पाच महिने रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत काढले आणि त्या वजनाबद्दल दुसरा एकही प्रश्न विचारला नाही. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी फिटर होतो त्याला टाळं लागलं आणि मी चाळिशीत घरी बसलो. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात तात्यांचं दुकान होतं. पाटीवर नाव 'गांगुर्डे, काटे व वजने दुरुस्ती'. दुकानदाराच्या प्रत्येक तराजूला वर्षातून एकदा सरकारी साहेबाचा छाप लागतो आणि त्याआधी तो कुणीतरी नीट करून द्यावा लागतो. तात्या ते करत. आता त्यांना दुकान सोडायचं होतं. का, तर "कंटाळा आला." बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला. तिच्याकडे जाऊन राहणार होते.

कारखान्यातून मिळालं होतं ते सगळं मी त्या दुकानात घातलं. आमच्या सुनंदाने एकदाच तोंड उघडलं. "कंपनी बंद पडली तेव्हा तुम्ही एकटेच घरी येऊन बसलात. हे बंद पडलं तर सोबत लोखंड घेऊन बसाल."

कागद झाले, परवाना झाला, मी चावीसाठी हात पुढे केला. तात्यांनी माझ्या हाताकडे असं बघितलं की जणू मी त्यांचा खिसाच कापतोय.

"चावी कसली मागतोस? दुकान म्हणजे ही खोली आहे होय? खोलीत उंदीरही राहतात. दुकान म्हणजे एक्केचाळीस काटे. एकेकाच्या दारात तुला नेणार, ओळख करून देणार. एक्केचाळिसावा सोपवला की चावी तुझी आणि मी नागपूरच्या गाडीत."

"एक्केचाळीस गिऱ्हाइकं म्हणा ना."

"काटे," तात्या म्हणाले. "गिऱ्हाइकं बदलतात. बाप जातो, पोरगा बसतो. काटा तोच असतो."

मग त्यांनी एक वही काढली. मला वाटलं, नावं, पत्ते, फोन असं काही असेल. वहीत फक्त स्वभाव लिहिले होते. 'दिंडोरी नाका: चिडका. ढगाळ दिवशी जाऊ नये.' 'रविवार कारंजा: मानी. आधी चहा, मग काम.' 'भाजीबाजार, चिंचेखालचा: गरीब. ओरडू नये, घाबरतो.'

"तात्या, हे मानी वगैरे काटा आहे की मालक?"

"चाळीस वर्षं एका घरात राहून दोघं सारखेच होतात," तात्या म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

माझी पहिली ओळख झाली ती शेवाळेशेठकडे. पंचवटीतलं डाळ-तांदळाचं मोठं दुकान, पुढे बायकांची गर्दी. तात्या म्हणाले, "नमस्कार कर." मी शेठना हात जोडले.

"त्यांना नाही. आधी काट्याला."

मी काट्याला हात जोडले. बायका हसल्या. तात्यांनी पितळी वजन असलेल्या हाताने गल्ल्यावरच्या काट्याकडे बोट केलं, निदान तसा प्रयत्न केला, आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हा काटा अगदी सज्जन. याच्या पोटात पाप नाही. फक्त मालक कधीकधी पारड्याखाली चिंच चिकटवतो, तेवढी काढत जा."

माझ्या अंगावर काटाच आला. वाटलं, आता शेवाळेशेठ आम्हाला दोघांनाही पोत्यात भरून गोदेत सोडणार. नव्या धंद्याची माझी पहिली पायरी ती, आणि म्हाताऱ्याने गिऱ्हाइकालाच भर दुकानात चोर ठरवलं. शेठचे कान लाल झाले.

"अहो तात्या, पंधरा वर्षं झाली त्या गोष्टीला! वडील होते तेव्हा!"

"काट्याच्या लक्षात आहे," तात्या म्हणाले.

आणि मग शेठ चक्क हसले. चहा मागवला. तात्यांनी तो नेहमीप्रमाणे डाव्या हाताने, अर्धाच कप घेतला. निघताना शेठनी मला हळूच विचारलं, "तुम्ही तरी असं बोलणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. तर त्यांचा चेहरा पडला. मला त्या दिवशी काहीच कळेना.

दुसरा धक्का त्र्यंबकेश्वरला. तिथल्या पेढेवाल्या काकांनी सरळ विचारलं, "तात्या, हा नवा माणूस कसा आहे कामाला?" मी छाती पुढे काढली. वीस वर्षं फिटर होतो मी.

"हातात जीव नाही," तात्या म्हणाले. "डोळा बरा आहे. पण हात म्हणजे लाकूड. सांभाळून घ्या."

परत येताना स्कूटरवर मी भांडलो. स्कूटर मीच चालवायचो, तात्या मागे, आणि त्यांचं ते वजन वळणावळणावर माझ्या बरगडीत घुसायचं. "तात्या, तुम्ही मला गिऱ्हाइकं देताय की माझी पळवताय?" तात्या मागून ओरडले, "समोर बघ!" यापलीकडे उत्तर नाही.

चाळीसच्या चाळीस ठिकाणी हेच. काट्याला नमस्कार, मालकाची चारचौघांत एखादी जुनी लबाडी, आणि शेवटी माझ्या हातात जीव नाही. काम मात्र प्रत्येक ठिकाणी मलाच करायला लावत. स्वतः बाजूला उभे राहून, वजन घट्ट धरून, सूचना देत. "दांडी दाबू नकोस, विचार तिला." "घाई कसली? तुझं लग्न आहे का?" मी कानस चालवायचो, घाम गाळायचो आणि मनात म्हणायचो, आयता नोकर मिळालाय म्हाताऱ्याला.

घरी येऊन सुनंदाला सांगत बसायचो की हा माणूस मला बुडवणार. पण झालं उलटंच. भाजीबाजाराच्या तोंडाशी फुलं विकणाऱ्या अंजनाबाई होत्या, मखमलाबादकडच्या. त्यांनी तात्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू द्या. शिकंल हळूहळू. आमचा बी असाच हाय, लय येंधळा, पन मनानं चांगला." आणि शेवंतीची वेणी दिली, घरी न्यायला. दुकानदार मला बोलावून घ्यायला लागले. एवढी वाईट शिफारस मिळालेल्या माणसाने जरा जरी बरं काम केलं तरी त्यांना नवल वाटायचं. "तात्या काहीही सांगतात हो, तुमचा हात चांगला आहे," असं मला रोज कुणीतरी समजावायचं. म्हाताऱ्याने हे सगळं ठरवून केलं होतं हे लक्षात आलं तेव्हा मी स्कूटर बाजूला घेऊन थांबलो होतो. एवढा हादरलो होतो.

दसऱ्यापर्यंत चाळीस काटे माझे झाले. राहिला एक.

वहीच्या शेवटच्या पानावर फक्त 'घोटी' एवढंच लिहिलं होतं. पुढे स्वभावाच्या जागी काही नाही. तिकडे कधी जायचं असं विचारलं की तात्यांकडे कारण तयार असायचं. आज आभाळ आलंय. आज घाटाकडे गर्दी असेल. भाताची कापणी चालू आहे, दुकानदाराला वेळ नसेल. नागपूरची मुलगी शेजाऱ्यांच्या फोनवर विचारून विचारून थकली. तिकीट दोनदा बदललं. आणि माझी चावी अजून तात्यांच्याच खिशात. रोज सकाळी मी माझ्याच दुकानाच्या दारात उभा राहून मालकाची वाट बघायचो. दिवाळीच्या आधी सगळ्यांचे काटे दुरुस्तीला येतात आणि तात्या कधी दहाला उगवत, कधी अकराला.

शेवटी एक दिवस माझा तोल सुटला. मी म्हणालो, "तात्या, एका काट्यासाठी किती दिवस अडून बसायचं? मीच जातो घोटीला एकटा. आता ते बटणाचे, आकडे दाखवणारे काटे आलेत, त्यातला एक त्या माणसाला देतो आणि जुना घालतो भंगारात. कटकट संपली."

तात्यांनी हातातलं वजन छातीशी धरलं आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरा सदरा घालून, दाढी करून स्टँडवर उभे होते. "चल," म्हणाले. "घोटीला."

घोटीच्या बाजारात तांदळाचं एक जुनं दुकान. पुढे आढ्याला टांगलेला मोठा तराजू, लांब लोखंडी दांडीचा, दोन साखळ्यांना दोन पितळी पारडी. गादीवर साठीचा एक दांडगा गृहस्थ. नाक अगदी तात्यांचं. मी काही म्हणायच्या आत तो माणूस, आमच्याकडे न बघता, तराजूकडे बघून बोलला.

"काट्या, कोन आलंय रं तुझ्याकडं?"

तात्याही तराजूलाच म्हणाले, "सांग त्यांना, यंदा उशीर झाला. तब्येत बरी आहे."

"काट्या, चहा घ्यायचा का इचार."

"अर्धा कप, म्हणावं."

मी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे आणि एकदा तराजूकडे बघत होतो. दोन म्हातारे, मध्ये टांगलेलं लोखंड, आणि दोघंही शपथ घेतल्यासारखे फक्त त्याच्याशीच बोलत होते. मला वाटलं, उन्हाचा परिणाम.

आतून एक बाई चहा घेऊन आल्या आणि मला खुणेने मागच्या पडवीत बोलावलं. त्या दुकानदाराच्या बायको, पार्वतीकाकू. हळू आवाजात त्यांनी मला सगळं सांगितलं.

ते दोघं सख्खे भाऊ. रंगनाथ, म्हणजे आमचे तात्या, थोरला; निवृत्ती धाकटा. दुकान वडलांचं. ते गेल्यावर वाटण्या झाल्या आणि सगळं मिटलं, फक्त तराजूवर अडलं. दोघांनाही बापाचा तराजू हवा. पंचांनी डोकं चालवलं. काटा धाकट्याला, वजनं थोरल्याला. झालं! एकाकडे वजनांशिवाय काटा, एकाकडे काट्याशिवाय वजनं. तात्या वजनांची पिशवी खांद्याला मारून नाशिकला गेले ते गेलेच. जाताना दोघांनी शपथ घेतली की पुन्हा एकमेकांशी बोलणार नाही.

"बावीस वर्सं झाली," काकू म्हणाल्या. "पन काट्याला छाप लागतो ना वर्साला. मंग दादा येत्यात दिवाळीच्या आधी. काट्यासंगं बोलत्यात दोघं. हेबी काट्यालाच इचारत्यात, जेवला का, पोरगी बरी हाय का."

"म्हणजे तो काटा दर वर्षी बिघडतोच?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "बिघडतो कशाचा! दसरा झाला की हे माझा वरवंटा नेत्यात आन् दांडीवर हानत्यात. चांगला काटा असला तर दादा कशाला येतील?"

त्या काट्याला मी कालच भंगारात घालायला निघालो होतो.

मी बाहेर आलो तर तात्या काट्याला सांगत होते, "हा प्रकाश. पुढल्या वर्षीपासून हाच येईल, म्हणावं."

"काट्या, सांग त्यांना, तुझ्या अंगाला परका हात लागनार नाय."

"सांग, याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

मी दचकलो. चाळीस ठिकाणी माझा हात लाकडाचा होता. हेच शब्द ऐकायला मी पाच महिने धडपडत होतो, आणि ते ऐकायला मिळाले ते इथे, एका तराजूला सांगितलेले.

निवृत्तीशेठ गादीवरून उठले. "काट्या, मंग ते कुठं चाललं?"

"नागपूरला. पोरीकडे."

"कायमचं?"

तात्यांनी मान डोलावली. बाहेर कुणीतरी हमालाला हाका मारत होतं. मग निवृत्तीशेठ तराजूकडे बघत, आवाज चढवून म्हणाले, "मंग शेवटचं त्यांच्याच हातानं व्हऊ दे, म्हनावं. या पावन्यानं बाजूला सरायचं."

तात्या माझ्याकडे वळले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी सुनावतील. पण त्यांनी पिशवीतून कानस काढायला सांगितली, पाच महिन्यांत पहिल्यांदा ते पितळी वजन गादीच्या कडेला ठेवलं आणि मोकळा उजवा हात दांडीकडे नेला.

हात थरथरत होता. थोडाथोडका नाही. मनगटापासून बोटांपर्यंत सगळा. कानस दांडीला लागली आणि खडखड वाजायला लागली. तात्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं तरी थांबेना. पारडी हलायला लागली, साखळ्या वाजायला लागल्या, आणि कानस खाली पडली.

ते वजन, तो अर्धा कप चहा, ती सगळी कामं माझ्याकडून करून घेणं, तो कंटाळा! मी या माणसाला मनात आळशी म्हटलं होतं. वजनाच्या भाराने हात जरा थांबत होता, म्हणून म्हातारा ते घेऊन गावभर फिरत होता. आणि लोक हसत होते. मीही हसत होतो.

"दादा, हाताला काय झालं तुझ्या?"

निवृत्तीशेठ थेट तात्यांच्या तोंडाकडे बघत होते. दारात काकू कपबशी धरून तशाच थांबल्या. तात्यांनी घाईने मान फिरवली आणि तराजूला म्हणाले, "सांग त्याला, वय झालं."

"काटा गेला खड्ड्यात! मी तुला इचारतोय!"

तात्या खाली बसले. निवृत्तीशेठ त्यांच्यासमोर बसले आणि तो हलणारा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. रोज वीसेक पोती भात उचलणारे हात होते ते. त्यांतही तो हात थरथरत होता.

"गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं," तात्या म्हणाले. "वजन धरलं की जरा थांबतो."

"मंग मला सांगायचं नाय?"

"कुणाकडून सांगू? या काट्याला सांगितलं असतं तर मला पुन्हा पुन्हा बोलवायला तू वरवंट्याने आणखी दोन घाव घातले असतेस."

निवृत्तीशेठचा चेहरा खाडकन उतरला. "तुला म्हाईत होतं?"

"दर वर्षी एकाच जागी ठोकतोस," तात्या म्हणाले. "एवढं तरी बदलायचं. कुठलाही दुरुस्तीवाला ओळखेल."

काकू रडत होत्या आणि हसत होत्या. मी काट्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझंही तेच झालं होतं.

काटा शेवटी मीच नीट केला. तात्या भावाशेजारी बसून सूचना देत होते. दांडी आडवी झाल्यावर निवृत्तीशेठनी ते पितळी वजन उचललं, बापाचं, आणि पारड्यात ठेवून बघितलं. मग जेवणं झाली. तांदूळ नवा होता. दोघं जेवताना वाटणीवरून इतकं भांडले, इतकं भांडले, की रस्त्यावरची माणसं आत डोकावून गेली. बावीस वर्षांचं साठलेलं होतं. काकू मला आग्रहाने वाढत म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना."

परतीच्या गाडीत तात्या खिडकीशी बसले. मी वही काढली. "तात्या, घोटीच्या काट्याचा स्वभाव काय लिहू?"

"काही लिहू नकोस. तो तुझा नाही." मग त्यांनी खिशातून दुकानाच्या चाव्या काढल्या आणि उजव्या हाताने माझ्यापुढे धरल्या. "हे घे. चाळीस पुरे तुला."

चाव्या एकमेकींवर वाजत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात रिकामा आहे. मी धसकून उठलोच. "तात्या, वजन! वजन विसरलं तिकडे! गाडी थांबवू का?"

"बस खाली," तात्या म्हणाले. "विसरलं नाही. पारड्यातच ठेवून आलोय. न्यायला यावं लागेल ना मला."

मी चाव्या घेतल्या. तात्यांनी हात मांडीवर ठेवला आणि नाशिक येईपर्यंत तो तसाच, सगळ्या गाडीसमोर, हलू दिला.